शिवाराचं हवामान वहीत कसं उतरवायचं

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी भरलेली रेल्वे लातुरात आली. ‘जलदूत’ हे तिचं नाव अजून कुणी विसरलेलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबर सरता सरता लातूरच्याच मांजरेला पूर आला. वर्षाची बेरीज केली तर त्या साली लातुरात पाऊस सरासरीपेक्षा जास्तच झाला, आणि हे खोटं नाही. पण एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते सांगून पाहा.

मराठवाड्यात सरासरी हा शब्द असाच फसवतो. म्हणून गेली काही वर्षं मी शेतातच पाऊस आणि तापमान मोजून वहीत लिहितोय. खर्च फार नाही आणि रोज पाच मिनिटं पुरतात. सुरुवातीला चुका मात्र पुष्कळ झाल्या. तुमच्या होऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं सांगतो.

आधी सरकारी सरासरी म्हणजे काय ते बघू

हवामानाची ‘सामान्य’ सरासरी साधारणपणे तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात. सध्या जगभर १९९१ ते २०२० हा काळ धरतात. भारतीय हवामान खातं देशाच्या मोसमी पावसाची तुलना मात्र १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांशी करतं. त्यानुसार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर येते. मराठवाड्याची त्याहून कमी, साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास. वर्षातला ऐंशी टक्क्यांच्या पुढचा पाऊस याच चार महिन्यांत पडतो.

कमी का, हे शाळेत शिकलोय. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्री चढताना बरंचसं तिकडंच रितं होतं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ढग आपल्याकडं उतरेपर्यंत त्यांच्यात फारसं उरत नाही. आपला चांगला पाऊस बहुतेक वेळा पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा सरकत आला की येतो. म्हणूनच नांदेड-हिंगोलीकडं सरासरी आठशेच्या पुढं जाते, आणि बीड, धाराशिव, छत्रपती संभाजीनगरकडं ती सहाशेच्या आसपास रेंगाळते. आठ जिल्ह्यांना मिळून ‘मराठवाड्यात सरासरीच्या ९८ टक्के’ असं पेपरात आलं, तरी बीडमधल्या आष्टी-पाटोद्यात काय झालं हे त्यातून कळत नाही.

तापमानाचंही तेच. मे महिन्यात आपल्याकडं कमाल तापमानाची सरासरी चाळीसच्या आसपास असते आणि एखाद्या आठवड्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. पण नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या थोडं वर, तर धाराशिव बालाघाटावर साडेसहाशेच्या आसपास. दर शंभर मीटरला हवा साधारण ०.६ अंशानं उतरते. तेवढ्यानंच दोन गावांत जवळजवळ दोन अंशांचा फरक पडतो. मोबाइलवर दिसणारा आकडा तर पुष्कळदा तुमच्या गावात मोजलेलाच नसतो. तो आजूबाजूच्या केंद्रांवरून आणि संगणकाच्या गणितावरून काढलेला अंदाज असतो.

पहिली पायरी : पावसाचं भांडं

विकतचं पर्जन्यमापक मिळतं, पण घरी केलेलंही चालतं, अट फक्त मापाची. हवामान खात्याच्या एका प्रचलित पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असतं. म्हणजे व्यास जवळपास १६ सेंटिमीटर. बाजारातून १६ सेंटिमीटर तोंडाचं, काठ कडक असलेलं नरसाळं आणा. पट्टी सोबत न्या आणि आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत मोजा. दुकानदार हसेल, हसू द्या.

ते नरसाळं पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनवर घट्ट बसवा. आता हिशेब अगदी सोपा होतो : कॅनमधलं दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. ४५० मिलिलिटर निघालं तर साडेबावीस मिलिमीटर. मोजायला औषधाच्या बाटलीबरोबर येणारा खुणांचा कप किंवा सुई काढलेली मोठी सिरिंज पुरते. पाच लिटरचा कॅन घ्यायचं कारण असं, की त्यात अडीचशे मिलिमीटरपर्यंतचा पाऊस मावतो. दोन लिटरची बाटली शंभर मिलिमीटरलाच भरून वाहू लागते, आणि नेमक्या ज्या रात्रीचा आकडा हवा असतो, तोच हातचा जातो.

नरसाळं दुसऱ्या मापाचं असेल तर सूत्र लक्षात ठेवा : पाणी मिलिलिटरमध्ये घ्या, दहानं गुणा आणि तोंडाच्या क्षेत्रफळानं भागा. तोंड ११ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर, आणि १९० मिलिलिटर पाणी म्हणजे २० मिलिमीटर.

जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर भांडं ठेवा, जास्त मिळालं तर उत्तमच. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर आणि अगदी समतल हवा. त्याहून खाली ठेवलं तर जमिनीवर आपटून उडालेलं पाणी आत येतं, आणि फार वर ठेवलं तर वाऱ्यानं थेंब बाहेर जातात. कॅनचा खालचा भाग मातीत गाडा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात तो बांधापलीकडं सापडेल.

पहिल्या वर्षी मी भांडं लिंबाजवळ ठेवलं होतं. एका सकाळी शेतात पाय घोट्याइतका रुतत होता आणि कॅनमध्ये जेमतेम चार मिलिमीटर. नरसाळ्यात वाकून पाहिलं तर लिंबाची दोन पिवळी पानं भोकावर अशी चिकटली होती, की वर पाणी तुंबून काठावरून सांडत होतं आणि त्यात एक मुंगळा पोहत होता. तेव्हापासून भोकावर चहाच्या जुन्या गाळणीची जाळी बसवलीय आणि दर रविवारी ती पुसतो. भांडंही लिंबापासून हलवलं.

दुसरी पायरी : तापमापक, आणि त्याची सावली

चोवीस तासांतलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान धरून ठेवणारा ‘कमाल-किमान’ तापमापक घ्या. काट्याचा, पाऱ्याचा, डिजिटल, कुठलाही चालेल. घरी आणल्यावर आधी तपासा : बर्फ कुटून ग्लासात भरा, थोडं पाणी घाला, चांगलं हलवा आणि तापमापकाचं टोक दहा मिनिटं त्यात बुडवा. शून्य दिसायला हवं. एक अंश जास्त दाखवत असेल तर वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहा आणि पुढं प्रत्येक आकड्यातून एक वजा करा. डिजिटल यंत्र पाण्यात बुडवू नका, त्याच्या तारेचं टोक तेवढं बुडवा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला मोजायचं आहे हवेचं तापमान, उन्हाचं नाही. ‘आमच्याकडं ५२ अंश’ असे फोटो उन्हाळ्यात फिरतात, ते बहुतेक पत्र्याचं नाहीतर गाडीच्या बॉनेटचं तापमान असतं. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. पेटी जमिनीपासून छातीच्या उंचीवर, म्हणजे सव्वा ते दोन मीटरवर असते आणि तिचं दार उत्तरेकडं असतं, म्हणजे उघडलं तरी थेट ऊन आत येत नाही.

अशी पेटी सुताराकडून करून घेता येते. त्याहून स्वस्त उपाय पंगतीतल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खोलगट ताटल्यांचा. सात-आठ ताटल्या उपड्या, एकावर एक अशा रचा. मध्ये दोन-दोन बोटांची फट राहील असे नळीचे तुकडे घाला आणि तीन लांब बोल्टांनी सगळं आवळा. सर्वांत वरची ताटली अखंड ठेवा, बाकीच्यांना मध्ये भोक पाडा आणि तापमापक त्या पोकळीत टांगा. वारा आरपार जातो, ऊन आत येत नाही. खांब मातीवर किंवा गवतावर रोवा. सिमेंटचा कोबा, पत्र्याची शेड आणि विहिरीचं कठडं यांच्याजवळ नको. गच्चीवर तर मुळीच नको.

तिसरी पायरी : वही

वेळ पक्की ठरवा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. तुम्हीही साडेआठलाच मोजा, म्हणजे तुमचा आकडा सरकारी आकड्याशेजारी ठेवता येतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा.

तापमानात बहुतेकांची इथंच गफलत होते. किमान तापमान पहाटे, सूर्य उगवायच्या सुमाराला असतं, म्हणून सकाळी वाचलेलं किमान आजचं. कमाल मात्र दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होऊन गेलेलं असतं, म्हणून सकाळी यंत्रात दिसणारं कमाल कालचं. ते कालच्या ओळीत लिहा. संध्याकाळी साडेपाचला एकदा बघायला जमलं तर हा घोळच राहत नाही. वाचून झालं की यंत्र पुन्हा त्या वेळच्या तापमानावर आणायला, म्हणजे ‘रिसेट’ करायला विसरू नका.

रकाने पाचच ठेवा : तारीख, पाऊस, कमाल, किमान, शेरा. शेऱ्यात ढग, वारा, धुकं, गारा, दव, विजा, आणि शेतात काय चाललंय ते. पाऊस नसेल तर ० लिहा. मोजायचंच राहिलं तर आडवी रेघ मारा. कोरी जागा ठेवू नका, कारण सहा महिन्यांनी शून्य आणि राहून गेलेलं यातला फरक तुम्हालाही आठवणार नाही. नुसते चार थेंब पडले तर ‘शिंतोडे’ लिहा. डिसेंबरात कधी कॅनच्या तळाला चमचाभर पाणी सापडतं आणि आभाळ तर स्वच्छ असतं. ते दव, पाऊस म्हणून मोजू नका.

जुनी मंडळी नक्षत्रावर बोलतात, तेव्हा शेऱ्यात नक्षत्रही लिहा. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, मघा ऑगस्टच्या मध्यावर आणि हस्त २६-२७ सप्टेंबरला. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, म्हणजे ही पंधरवड्याची तयार दिनदर्शिकाच आहे. ‘पडतील मघा नाहीतर ढगाकडे बघा’ हे किती खरं ते दहा वर्षांच्या नोंदीनंतर तुमचीच वही सांगेल. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस, यावर मात्र माझा विश्वास नाही.

चौथी पायरी : महिनाअखेरचा हिशेब

महिना संपला की चार आकडे काढा : पावसाची बेरीज, पावसाचे दिवस, सर्वांत मोठा खंड म्हणजे सलग कोरडे गेलेले दिवस, आणि कमाल-किमान तापमानाच्या वेगवेगळ्या सरासऱ्या.

पावसाचा दिवस म्हणजे अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेला दिवस. आपल्याकडं अख्ख्या पावसाळ्यात असे चाळीसेक दिवस मिळतात. दीडशे मिलिमीटर पाऊस तीन दिवसांत पडला तर माती वाहून जाते आणि पुढं पंधरा दिवस सोयाबीन माना टाकतं. तोच बारा दिवसांत पडला तर पीक हसतं. बेरीज दोन्हीकडं सारखीच. म्हणून मी आधी खंडाचा रकाना बघतो, बेरीज नंतर.

कमाल आणि किमान एकत्र करून एकच सरासरी काढू नका. फेब्रुवारीत दुपारी ३३ आणि पहाटे १५ असेल तर मधला आकडा २४. पावसाळ्यातल्या झडीच्या दिवशी २६ आणि २२ असेल तरी मधला आकडा २४. हे दोन दिवस सारखे आहेत असं कोण म्हणेल? आपल्या कोरड्या महिन्यांत दिवस-रात्रीतली तफावत पंधरा-अठरा अंशांची असते आणि झडीत ती चार-पाचवर येते. आपल्या हवामानाचं खरं रूप या तफावतीत दिसतं.

चार-पाच वर्षांची वही झाली की सरासरीबरोबर मधला आकडाही काढा. समजा पाच पावसाळ्यांच्या बेरजा ४१०, ५२०, ५९०, ६४० आणि १०४० आल्या. सरासरी ६४०. पण चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येतो ५९०. एका अतिवृष्टीच्या वर्षानं सरासरी वर ओढली, आणि पाचांतली तीन वर्षं तिच्याखालीच राहिली. विहीर खोदताना किंवा उसाचा विचार करताना ६४० धरून चालणारा फसेल.

सरासरीशी तुलना टक्क्यांत करा. हवामान खात्याच्या भाषेत उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे ‘सामान्य’ आणि उणे २० ते उणे ५९ म्हणजे ‘अपुरा’. उणे १८ टक्क्यांचं वर्ष कागदावर सामान्य ठरतं. हलक्या रानात ते कसं जातं, हे वेगळं सांगायला नको.

अतिवृष्टीचंही माप ठरलेलं आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरतात. तुमच्या कॅनमध्ये १३०० मिलिलिटरच्या वर पाणी, असं समजा. मंडळाचं यंत्र आठ-दहा किलोमीटरवर असतं आणि वळीव तर बांध धरून पडतो. एका वर्षी आमच्या शिवारात ७१ भरला आणि मंडळात त्याच्या निम्माही नाही. पंचनाम्यासाठी सरकारी यंत्राचा आकडाच चालतो, घरच्या वहीला तो मान नाही. पण तारीखवार वही पुढं ठेवल्यावर गावात निदान वाद थांबला, आणि आमचं निवेदन ‘खूप पाऊस झाला’ इतक्यावर राहिलं नाही.

पाचवी पायरी : वही कामाला लावा

पेरणीपासून सुरू करू. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला दरवर्षी तोच असतो : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी नको. हा आकडा जिल्ह्याचा नाही, तुमच्या कॅनचा धरायचा. वळवाच्या एका पावसानं वरची चार बोटं भिजतात, मोड येतो आणि खालची काळी माती कोरडीच असल्यानं ऊन पडलं की तो करपतो. मग दुबार पेरणी. बेरीज ७५ च्या पुढं गेल्यावर कुदळीनं वीतभर खणा आणि खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आलाय. फुटलाच नाही तर अजून थांबा, तिफण चिखलात घालण्यात अर्थ नाही.

पाणी साठवायचं असेल तर एक साधं समीकरण पाठ करा : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. २० मिलिमीटर पावसात ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर हजार लिटर पाणी पडतं. गळती-सांडणं वजा जाता आठशे तरी टाकीत यावं. एक एकरावर तेवढ्याच पावसात ऐंशी हजार लिटर पडतं. उलट बाजूनं, मे महिन्यात उघड्या शेततळ्याची पातळी नुसत्या उन्हानं रोज साधारण सेंटिमीटरभर उतरते, तेही हिशेबात धरा.

उन्हाळ्यात तापमापकाशेजारी आणखी एक साधा तापमापक टांगा. त्याच्या टोकाला मलमलीची चिंधी गुंडाळा आणि चिंधीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. हा ओला तापमापक. मेच्या कोरड्या दुपारी साधा ४१ दाखवतो तेव्हा ओला २३ च्या आसपास असतो. कूलर याच फरकावर चालतो. त्याची हवा ओल्या तापमापकाच्या आकड्यापर्यंत उतरू शकते, त्याखाली नाही. जूनच्या सुरुवातीला, पाऊस तोंडावर आलेला असताना, साधा ३६ वर उतरलेला असतो पण ओला २८ वर चढतो. मग कूलर नुसता दमट वारा मारतो आणि अंगातला घाम सुकत नाही. मे सरला, ऊन उतरलं म्हणून दुपारी खुरपणी-पाळी सुरू करणाऱ्यांना याच दिवसांत चक्कर येते. ओला तापमापक २८ च्या पुढं गेला की आम्ही कामाची वेळ पहाटे पाच ते दहा करतो आणि म्हाताऱ्या माणसांना पत्र्याच्या खोलीत ठेवत नाही. माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं घर असेल तर दुपारी आत आणि रात्री बाहेर. मातीचा जाड थर दिवसभर ऊन पितो आणि झोपायच्या वेळी ते आत सोडतो.

हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणतं ती कमाल तापमान निदान ४० असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असेल तेव्हा. किंवा सरळ ४५ ला पोचलं की. या व्याख्येत रात्रीचा आकडा येत नाही. वहीत मात्र किमान तापमान सलग चार रात्री २८ च्या खाली उतरलं नाही असं दिसलं, तर जनावरांचं दूध घटणार हे मी आधीच धरून चालतो.

थंडीत उलट, किमानचा रकाना महत्त्वाचा. परभणीचा पारा घसरल्याची बातमी दर डिसेंबर-जानेवारीत येते, कारण आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा उत्तरेचा असला की जमिनीची उष्णता रात्रीतून निघून जाते. ओढ्याकाठच्या सखल रानात थंड हवा साचते, म्हणून तिथं माळापेक्षा दोन-तीन अंश कमी भरतात. अर्धापूरकडच्या केळीवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पारा आठ-नऊकडं झुकू लागला की रात्री उशिरा पाणी द्यायचं आणि पहाटे बांधावर धूर करायचा. ढग आले की किमान तापमान एका रात्रीत पाच अंशांनी चढतं. हरभऱ्याला, ज्वारीला ते बाधतं, आणि मोहरावर आलेल्या केशर आंब्यावर तुडतुडे वाढतात. शेऱ्यात ‘ढग’ लिहायला सांगितलं ते यासाठी.

एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याचं, नाव ऐकून घाबरायचं की नाही, हेही लोक विचारतात. १९७२ आणि २०१५ ही एल निनोची वर्षं होती आणि दोन्ही दुष्काळाची ठरली. पण १९९७ मध्ये एल निनो जोरात असूनही देशाचा पाऊस सामान्य राहिला. तो धोका वाढवतो, पण निकाल लावत नाही. एल निनो असेल त्या साली मी सोयाबीनचं क्षेत्र थोडं कमी करून तूर वाढवतो, एवढंच. रोजच्या अंदाजासाठी ‘मेघदूत’ आणि विजांसाठी ‘दामिनी’ ही सरकारी ॲप मोबाइलवर ठेवा, आणि अंदाज काय होता तेही शेऱ्यात टिपा. दोन वर्षांत तुमच्या गावापुरता अंदाज किती जमतो ते कळतं.

राहता राहिली खाड्यांची गोष्ट. लग्नसराईत, वारीत, दवाखान्यात आठ-आठ दिवस जातात. पाऊस कॅनमध्ये साचून राहतो, तो परत आल्यावर ‘आठ दिवसांचा एकत्र’ असा शेरा मारून लिहा आणि अंदाजानं वाटून टाकू नका. तापमानाच्या आठ ओळींत मात्र रेघच. आमच्याकडं मी नसताना नात लिहिते. तिला मिलिलिटरचं मिलिमीटर करायला फार आवडतं. फक्त तिच्या हातात पेन देत नाही, शिसपेन्सिल देतो. भर पावसात, ओल्या बोटांनी लिहिलेलं शाईचं पान मागं एकदा अख्खं निळं झालं होतं, आणि त्यात हस्ताचे सगळे तेरा दिवस गेले.